‘स्मरणार्थ’ आहे, तोटी नाही

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या चौकात एक दगडी पाणपोई आहे. आहे म्हणजे दगड आहे. कमरेइतकं जोतं, वर घुमटीसारखा माथा, समोरच्या अंगाला कोनाडा. कोनाड्यात जिथं तोटी होती तिथं आता सिमेंटनं बुजवलेलं भोक. खाली घागर ठेवायचा कट्टा, आणि त्याच्या मधोमध एक गोल खळगा. त्यावरून हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. तो कुणी कोरलेला नाही, घागरींच्या बुडांनी झिजवलाय. दगड झिजायला किती घागरी लागल्या असतील याचा हिशेब मी लहानपणी करायचो, अजून जमलेला नाही.

मागच्या बाजूला पाटी आहे. ‘यांचे स्मरणार्थ’ एवढं स्वच्छ वाचता येतं. वरचं नाव मात्र ऑइलपेंटच्या थरांखाली गेलंय, कारण दर वर्षी गणपतीच्या तोंडावर चौक रंगवायची हौस सगळ्यांनाच असते. म्हणजे कुणाची तरी आठवण म्हणून बांधलेल्या वास्तूवर आज फक्त ‘आठवण’ शिल्लक आहे. कुणाची ते नाही, आणि ज्याच्यासाठी लोक आठवण काढतील ते पाणीही नाही.

चौकाचं सुशोभीकरण करायचं म्हटलं की या पाणपोईचा विषय निघतो. एक बाजू म्हणते, रहदारीला अडथळा आहे, काढून टाका. दुसरी म्हणते, ऐतिहासिक ठेवा आहे, रंग खरवडा, भोवती स्टीलचं रेलिंग करा, खालून पिवळे दिवे सोडा. पहिल्यांशी माझं भांडण नाही, ते निदान सरळ बोलतात. माझं भांडण दुसऱ्या बाजूशी आहे, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे माझे मित्र आहेत. पाणपोईला रेलिंग घालणं म्हणजे तालमीला कुलूप लावून बाहेर ‘येथे पूर्वी कुस्ती होत असे’ अशी पाटी लावणं. जपायचं काय आहे ते आधी ठरवा. दगड जपायचा असेल तर संग्रहालयात न्या. पाणपोई जपायची असेल तर नळजोड द्या.

पाणी आणि आठवण यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचं दान करतात ते पितरांच्या नावानं. वैशाखाच्या उन्हात पाण्यानं भरलेला घडा दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. पाणपोई म्हणजे तोच घडा, फक्त चौकात मांडलेला. गुढीपाडव्याच्या सुमारास रांजण मांडायचे, त्यांना ओलं फडकं गुंडाळायचं, खाली वाळूचा थर द्यायचा, पहिला वळीव येईपर्यंत चालवायचं. रांजणाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. ना वीज, ना कॉम्प्रेसर. एकच अट, रांजण रोज भरायला माणूस हवा. आजही आपल्याकडे मंडळं पाणपोई घालतात. उद्घाटनाला फीत असते, फोटो असतात, फ्लेक्सवर वीस चेहरे असतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन बघा, चेहरे वीसच्या वीस जागेवर असतात आणि रांजणाच्या तळाला चार बोटं हिरवट पाणी असतं.

दगडी, कायमची, नाव कोरलेली पाणपोई ही मात्र थोडी वेगळी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात शहरं फुगली, विहिरी नासल्या, पटकीनं माणसं मेली, तेव्हा ती रस्त्यावर आली. लंडनमध्ये 1854 साली ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाचं पाणी पिऊन शेकडो लोक गेले. त्यानंतर पाच वर्षांनी, 1859 च्या एप्रिलमध्ये, सॅम्युअल गर्नी नावाच्या खासदारानं सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणाला लागून त्या शहरातली पहिली फुकट पिण्याच्या पाण्याची तोटी बसवली. साखळीला बांधलेले दोन पेले होते आणि ‘पेला परत जागेवर ठेवा’ अशी सूचना कोरलेली होती. तिथं दिवसाला हजारो माणसं पाणी पिऊ लागली. मग त्यासाठी संस्था निघाली, पुढं तिनं जनावरांसाठी डोणीही बांधल्या. दारूच्या गुत्त्यांजवळ मुद्दाम पाण्याच्या तोट्या बसवायची टूमही त्याच काळातली. माणूस गुत्त्यात शिरतो तो बऱ्याचदा तहानेनं, असा त्यामागचा सरळ हिशेब. आमच्या लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेत दुपारी तीनला उभं राहून पाहिलं तर तो हिशेब अगदीच चुकीचा वाटत नाही.

मुंबईनं ही कल्पना उचलली आणि तिला आपलं रूप दिलं. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी मुंबईत चाळीस पाणपोया बांधून दिल्या. एवढ्यावर न थांबता त्यांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्येही एक बांधली, 1869 साली, इंग्रजांच्या राज्यात पारशांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल आभार म्हणून. राज्यकर्त्याला त्याच्याच राजधानीत पाणी पाजून आभार मानणं, याला काय म्हणावं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायकांच्या नावाची 1876 ची पाणपोई आहे, वर घड्याळाचा मनोरा. मुंबईत यांना ‘प्याऊ’ म्हणतात. अनेक प्याऊ कुणीतरी गेलेल्या आईच्या, मुलीच्या, भावाच्या नावानं बांधलेले आहेत. अनेकांना माणसांसाठी तोटी, गुरांसाठी खाली डोण आणि पाखरांसाठी वर वाटी. गेल्या काही वर्षांत त्यातले काही दुरुस्त झाले, काहींना पुन्हा पाणीही आलं.

पण या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात बोलकी वाटते ती लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधली गोष्ट. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या पोरांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून लढलेल्या लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचं ते स्मारक, 1893 सालचं. ते बांधलं होतं पाणपोई म्हणून. साखळ्यांना ब्राँझचे पेले होते. पेले थोड्याच दिवसांत चोरीला गेले. माथ्यावरची पंखवाली, धनुष्य धरलेली मूर्ती तेवढी राहिली. आज जगभरचे लोक तिच्यासमोर फोटो काढतात, तिला इरॉस म्हणतात, प्रेमाचा देव समजतात. शाफ्ट्सबरीचं नाव फार थोड्यांना आठवतं, आणि ती पाणपोई होती हे त्याहून थोड्यांना. आधी पेले गेले, मग माणूस गेला, राहिली ती शोभा. आमच्या चौकातल्या सुशोभीकरणवाल्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, बघा, म्हणजे पर्यटन वाढलंच की नाही!

आता घरची गोष्ट. लंडनच्या साखळीतला पेला निदान सगळ्यांच्या ओठाला लागत होता. आपल्याकडे पाणपोईची अडचण पेल्याच्या आधीच सुरू होत होती. हौदाला हात कुणी लावायचा? पाणी कुणी ओतायचं? कुणाच्या तांब्यात आणि कुणाच्या ओंजळीत, वरून? ‘पुण्यकर्म’ म्हणून चालवलेल्या कितीतरी पाणपोयांवर तहान जातीच्या रांगेत उभी राहिलेली आहे. रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या घागरी असायच्या, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

कोल्हापूरनं या बाबतीत जे केलं ते सांगताना आपण भाषणात फार वर चढतो, म्हणून साधंच सांगतो. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते, महार जातीचे. मराठ्यांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा गावात नव्हते. परत आल्यावर गंगारामनी पाठ उघडी करून वळ दाखवले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. गंगारामना नोकरीतून मोकळं करून महाराजांनी धंदा काढायला मदत केली, आणि त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवायचे, आणि गाडीत बसलेल्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. 1919 मध्ये संस्थानात हुकूम निघाले की सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा यांत अस्पृश्यता पाळायची नाही. 1920 च्या मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. महाडचं चवदार तळं त्यानंतर सात वर्षांनी, 1927 ला. आणि पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो 1868 साली, म्हणजे लंडनची पहिली तोटी सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती तेव्हा. तिकडे पाणी शुद्ध आहे का, हा प्रश्न होता. इकडे पिणारा शुद्ध आहे का, हा.

या गोष्टीतला चहा आपण उचलला. शालेय पुस्तकांत, व्याख्यानांत, शाहू जयंतीच्या फलकांवर तो चहा असतो. हौद मात्र सुटला. आणि मला वाटतं खरी गोष्ट हौदाची आहे. चहा ही राजाची मर्जी होती, मोठी मर्जी, पण मर्जीच. हौदाला हुकूम लागला. कारण चहा विकत घेऊन प्यायची गोष्ट आहे, त्याला हॉटेल काढता येतं. पाण्यासाठी दुसऱ्यानं दुसरं हॉटेल काढायचं नसतं, हौदच सगळ्यांचा असावा लागतो.

म्हणूनच चौकातली तोटी बंद पडते तेव्हा ‘आता कोण पितं तिथं’ हे उत्तर मला झोंबतं. कोण पितं हे बघायला उन्हात उभं राहावं लागतं. लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या पेढ्यांवर पोती वाहणारा हमाल, कपिलतीर्थ मार्केटच्या बाहेर पोतं अंथरून मेथी-कोथिंबीर विकणारी बाई, चार घरची धुणी-भांडी करून पाचव्या घराकडे निघालेली मावशी, बिंदू चौकात गाडी लावून अंबाबाईच्या दर्शनाला लहान पोरांना ओढत निघालेलं सोलापूरकडचं कुटुंब, चैत्रात जोतिबाला चालत निघालेले, खांद्यावर सासनकाठी घेतलेले लोक. यातल्या कुणालाही दिवसाला तीन-चार बाटल्या परवडत नाहीत. वीस रुपयांची एक बाटली धरली तरी दिवसाला साठ-ऐंशी रुपये तहानेचे. आणि ज्यांना परवडतं त्यांच्या बाटल्या कुठं जातात ते पहिल्या पावसात गटारी तुंबल्या की कळतंच.

कोल्हापूरनं पाण्याची श्रीमंतीही पाहिली आहे आणि तिची थट्टाही. कात्यायनीचे झरे, रंकाळा, कळंब्याच्या तळ्यातून उताराच्या जोरावर शहरात येणारं पाणी. मंगळवार पेठेत ‘पाण्याचा खजिना’ नावाचं ठिकाणच आहे. ज्या गावात पाण्याच्या साठ्याला खजिना म्हणतात त्या गावाला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण सुरू केलं. आता काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाइपलाइन आली, 2023 च्या दिवाळीत तिचं पाणी पोहोचलं. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये याच शहराभोवती सगळीकडे पाणी होतं, उपसा केंद्रं पंचगंगेत बुडाली होती, आणि आम्ही बादल्या घेऊन टँकरच्या मागं पळत होतो. आमच्या गल्लीत तेव्हा एका जुन्या वाड्याची आड उपसून साफ केली, पोरांनी दोर आणले, आणि आठवडाभर निम्मी गल्ली त्याच पाण्यावर वापरायची कामं भागवत होती. पूर ओसरला तसं त्या आडावर पुन्हा पत्रा टाकला गेला.

विरोधात बोलणाऱ्यांची काही म्हणणी खरी आहेत, ती झटकून टाकण्यात अर्थ नाही. तोट्या चोरीला जातात. पितळी असेल तर महिनाभर टिकत नाही. खाली चिखल होतो, डास होतात, कोनाड्यात कुणीतरी माव्याची पिचकारी मारतंच. उघड्या नळावर गाडी धुणारे महाभाग निघतात. आणि पाण्याची भीतीही खोटी नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यानंच, त्या आठवणीनं आजही आपल्या भागात लोक नळाचं पाणी तोंडाला लावताना दचकतात.

यावर माझं म्हणणं असं की यातल्या एकाही गोष्टीवर दगडाचा इलाज नाही आणि दानाचाही नाही. इलाज आहे माणसाचा. हल्ली नगरसेवकाच्या निधीतून किंवा एखाद्या क्लबकडून स्टीलचा वॉटर कूलर येतो. एका बाजूला दात्याचं नाव, दुसऱ्या बाजूला दात्याच्या वडिलांचं. पहिल्या उन्हाळ्यात थंडगार पाणी. दुसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बंद, कोमट पाणी. तिसऱ्या उन्हाळ्यात आत झुरळं आणि वर झेरॉक्सवाल्याचा फलक. देणाऱ्याची चूक नाही, त्यानं द्यायचं ते दिलं. चूक अशी की दिल्यानंतर ते कुणाचंच नसतं. वीजबिल कुणी भरायचं, टाकी कुणी धुवायची, वॉशर कुणी बदलायचा हे कागदावर कुठंच नसतं. मंडळ म्हणतं आम्ही जागा दिली, दाता म्हणतो मी यंत्र दिलं. पाणी द्यायचं राहून जातं.

कोल्हापूरला नगरपालिका आली 1854 साली, महापालिका 1972 ला. शहराला पाणी पुरवणं हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, मर्जीचं नाही. मग घरात येणाऱ्या नळापुरतंच ते बंधन का? रस्त्यावरचा माणूस हा काही तासांसाठी रस्त्यावर राहणारा नागरिकच असतो. चौकातल्या तोटीचं काम पाणीपुरवठ्याच्या रोजच्या कामात धरलं पाहिजे. जो चावीवाला वॉर्डात पाणी सोडतो त्याच्याच फेरीत ही तोटी यावी. सकाळी घरगुती नळाची ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन टेस्ट करतात, परीक्षानळीत दोन-चार थेंब टाकतात, पाणी पिवळसर झालं की क्लोरीन आहे असं समजतात. मानकाप्रमाणं नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. तीच टेस्ट चौकातल्या तोटीवर करायला तीन मिनिटं लागतात. तोटी पितळी नको, दाबली की सुरू आणि सोडली की बंद होणारी, बाजारात मिळते तसली. खाली जाळी, जाळीखाली उतार, उतार गटारीला. यात शोध लावण्यासारखं काही नाही.

आणि पाटीबद्दल माझी एक सूचना आहे, लोक हसतात, हसू देत. दात्याचं, गेलेल्या माणसाचं नाव वर राहू दे, मोठ्या अक्षरात. त्याखाली खडूनं लिहायची एक काळी पट्टी हवी: टाकी शेवटची धुतली ती तारीख. फक्त तारीख. मंत्र्याचं उद्घाटन कधी झालं ते कोरायची गरज नाही, ते कुणी पीत नाही. वरच्या नावाला खालच्या तारखेची लाज वाटली की पोरं, नातवंडं आपोआप चौकशीला येतील.

यावर माझ्या एका मैत्रिणीनं जो आक्षेप घेतला तो मात्र मला आधी सुचला नव्हता, आणि सुचायला हवा होता. ती म्हणाली, तुम्ही पुरुष पाणपोयांवर लेख लिहिता. बाजारात बसणारी बाई सकाळपासून पाणीच पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं? तिच्यासाठी तोटी आणि मुतारी ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. एकाचं अंदाजपत्रक करून दुसऱ्याचं पुढच्या वर्षावर ढकललं तर निम्म्या शहराला पाणी मिळणार नाही. खरं आहे. तेव्हा चौक आखताना नळापासून पन्नास पावलांवर बायकांचं स्वच्छतागृह नसेल तर तो नळ अर्धाच समजावा.

पुतळ्यांविरुद्ध माझं काही नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या दारात मोर्चा. बिंदू चौकात बाबासाहेबांचा आणि जोतीरावांचा पुतळा 9 डिसेंबर 1950 ला बसला, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं, बाबासाहेब हयात असताना. तो या गावाचा अभिमान आहे आणि राहील. पण याच गावानं पुतळ्याचं दुसरं टोकही पाहिलंय. आजच्या शिवाजी चौकात एके काळी मुंबईचा ब्रिटिश गव्हर्नर विल्सन याचा पुतळा उभा होता. बेचाळीसच्या चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला, पुढं तो गेला आणि त्या जागी शिवछत्रपती आले. पुतळा कुणाचा, हा प्रश्न राज्य बदललं की पुन्हा विचारला जातो. चालू तोटी कुणाची, हे विचारत कुणी घण घेऊन गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. जी दोन माणसं बिंदू चौकात उभी आहेत त्यांच्यातल्या एकानं स्वतःचा हौद खुला केला आणि दुसऱ्यानं तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यांच्या पायाशी उभं राहून तहानलेल्या माणसाला वीस रुपयांची बाटली घ्यावी लागू नये, एवढंच माझं मागणं.

परवा सकाळी पुन्हा त्या पाणपोईपाशी गेलो, खरवडून वरचं नाव वाचता येतं का बघायला. सुरीच्या टोकानं रंगाचे दोन थर निघाले, हिरवा आणि त्याखाली भगवा. नाव नाही निघालं, एक ‘बाई’ तेवढं दिसलं. कोनाड्याला टेकून एक फुलवाली बसते. तिचा डबा आणि पाण्याची बाटली त्या कोनाड्यातच असते, बुजवलेल्या भोकासमोर. ती उचगावहून येते, पहाटे पाचला बाटली भरून.

म्हटलं, “इथं पुन्हा नळ झाला तर?”

“होऊ दे की,” ती म्हणाली. “पर ह्या अंगाला नको म्हणावं. दुपारचं ऊन सगळं हिकडंच येतंय. तोटी अशी तापती की हात लावाय येत न्हाई. मागच्या बाजूला करा म्हणावं, पाटीच्या खाली. तिथं सावली असती.”

आणि डब्याखालचं फडकं काढून पाटीवरची रंगाची टरफलं पुसायला लागली.